वाचकांचे प्रश्न : ‘सहन होत नाही’ म्हणणं हा अविश्वास आहे का?

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, पक्षाघाताने माझ्या यजमानांची उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. आठ महिने ते अंथरुणाला खिळून आहेत. कूस बदलणं, भरवणं, स्वच्छ करणं सगळं मीच करते. मंडळीतल्या बहिणींचे रोज सकाळी मेसेज येतात, ‘देव सहन होईल तेवढंच दुःख देतो’, ‘जे होतं ते भल्यासाठीच होतं’. एकीने यिर्मया 29:11 छापलेलं कार्ड त्यांच्या उशाशी लावून दिलं. हे वाचून धीर यायला हवा, पण मला राग येतो. मला आता हे सहन होत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का? – एक भगिनी

उत्तर : प्रिय भगिनी, नाही. तुमचा विश्वास कमी पडत नाही. तुमच्या अंगावर दोन-तीन माणसांचं काम पडलं आहे, आणि वर ते ‘झेपतंच’ असं रोज सकाळी कुणीतरी तुम्हाला सांगतं आहे. राग येणारच.

‘देव सहन होईल तेवढंच दुःख देतो’ हे वाक्य पवित्र शास्त्रात नाही. लोकांच्या मनात जे वचन असतं ते 1 करिंथ 10:13, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं. तो अध्याय सुरुवातीपासून वाचून पाहा. रानात इस्राएल लोक मूर्तीपुढे नाचले, व्यभिचारात पडले, कुरकुर करत राहिले, हे पौल एकेक करून सांगतो. मग म्हणतो की देव तुमच्या शक्तीपलीकडचा मोह येऊ देणार नाही, मोह येईल तेव्हा निसटायची वाटही ठेवील, आणि पुढच्याच ओळीत मूर्तिपूजेपासून पळ काढा म्हणतो. विषय पापाच्या मोहाचा आहे. आजारपणाचा, रात्रीच्या जागरणांचा नाही.

दुःखाबद्दल तोच पौल त्याच मंडळीला दुसऱ्या पत्रात काय लिहितो? आशियात आमच्यावर असं संकट आलं की ते आमच्या शक्तीपलीकडचं होतं, जगण्याचीही आशा उरली नव्हती (2 करिंथ 1:8). प्रेषिताने हे लपवलं नाही. पत्रात लिहिलं, आणि ते मंडळीपुढे वाचलं गेलं. पुढे तो सांगतो की यामुळे आमचा भरवसा स्वतःवर न राहता मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर बसला. ‘सहन होईल तेवढंच’ या वाक्यात भरवसा तुमच्या ताकदीवर आहे. पौलाची ताकद संपली होती, आणि देव होता.

‘जे होतं ते भल्यासाठीच’ हे रोम 8:28 चं फार सैल रूप आहे. देव सर्व गोष्टींत आपल्या लोकांच्या कल्याणासाठी कार्य करतो, असं ते वचन सांगतं. ती प्रत्येक गोष्ट चांगली आहे असं म्हणत नाही. त्याच्या अगोदरच्या ओळींत सारी सृष्टी कण्हते आहे, आपणही कण्हतो, आत्मादेखील शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. हे कण्हणं गाळून नुसतं 28वं वचन कुणाच्या हातात देऊ नये.

आणि लाजराच्या घरी काय झालं? तो कबरेत जाऊन चार दिवस झाले होते. मार्था येशूला म्हणाली, ‘प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता.’ मग दुसरी बहीण मरीया आली, तीही नेमकं तेच म्हणाली. बहिणी घरात एकमेकींशी हेच बोलत असणार. येशूने दोघींपैकी कुणालाही विश्वास कमी आहे म्हणून झिडकारलं नाही. काही वेळातच आपण लाजराला उठवणार हे त्याला ठाऊक होतं. ‘भल्यासाठीच झालं’ म्हणायचा अधिकार कुणाला असेल तर तो त्यालाच होता. तो रडला.

एका लहान मुलाच्या अंत्यविधीच्या सकाळी मी त्या घरी होतो. आजी दोरीवरचे त्याचे मोजे काढून एकात एक गुंडाळत होती. शेजारी कुणीतरी म्हणालं, ‘चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात.’ आजीने मोजे मांडीवर ठेवले आणि विचारलं, ‘त्याच्याकडे कमी होती का?’ कुणाला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी मी 1 करिंथ 15:26 वाचलं. तिथे पौल मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो. फुलं खुडायला देवाने धाडलेला माळी नव्हे, शत्रू. आजीने मान हलवली. ख्रिस्ती माणसाने मरणाशी, रोगाशी गोड बोलायची काही गरज नाही.

आता ते कार्ड. यिर्मया 29:11 मला अतिशय प्रिय आहे, म्हणूनच ते अर्धं कापून लावलेलं मला बघवत नाही. देवाचे संकल्प हिताचे आहेत, भावी काळ आणि आशा देणारे आहेत, हे वचन यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेहून बाबेलला धाडलेल्या एका पत्रातलं आहे. वाचणारे देशोधडीला लागलेले कैदी होते. अगोदरच्याच ओळीत मुदत आहे, 70 वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीची वाट दिसणार नव्हती. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर यिर्मयाने बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून मानेवर घेतलेलं लाकडी जू ओढून काढतो, मोडतो आणि म्हणतो, दोन वर्षांत सगळं परत येईल. आजच्या स्टेटसला लोकांनी हनन्याचंच वाक्य ठेवलं असतं. देवाने मात्र त्याला खोटं ठरवलं. यिर्मयाने कैद्यांना सांगितलं की घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्यासाठी प्रार्थना करा. आशा खरी आहे, पण ती लांबच्या मुदतीची आहे, आणि तोवर रोजचं जगणंही देवाच्या नजरेसमोर आहे. कार्ड काढू नका. त्याखाली पेनाने 10वं वचन लिहा.

राग आला की स्तोत्र 88 मोठ्याने वाचा. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी धीराची एक ओळही नाही. तरी ते प्रार्थना म्हणून शास्त्रात आहे.

मेसेज पाठवणाऱ्या बहिणी वाईट नाहीत, त्यांना काय करावं ते कळत नाही. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसले, तेवढंच त्यांचं बरोबर होतं. बोलायला लागले आणि देवाला राग आला. तेव्हा तुम्हीच ग्रुपवर लिहा, ‘रविवारी उपासनेनंतर दोन तास कुणी यांच्याजवळ बसेल का? मला झोपायचं आहे.’ संकोच करू नका. एकमेकांची ओझी वाहा ही आज्ञा (गलती 6:2) मंडळीला आहे, आणि ओझं आहे हे कळल्याशिवाय ते उचलणार कोण? वधस्तंभ वाहताना प्रभूलाही कुरेनेकर शिमोनाचा खांदा लागला.

प्रश्न : ‘जो स्वतःला मदत करतो त्यालाच देव मदत करतो’ हे बायबलमध्ये कुठे आहे? धंद्यात बुडाल्यापासून मला सकाळी उठवत नाही. वडील रोज हेच वचन ऐकवतात. – एक वाचक

उत्तर : कुठेही नाही. हा विचार इसापाच्या गोष्टीत आहे. गाडी चिखलात रुतते, गाडीवान देवाचा धावा करतो आणि आधी चाकाला खांदा लाव असं त्याला ऐकावं लागतं. इंग्रजीत अल्जर्नन सिडनी या इंग्रज लेखकाच्या 1698 साली छापलेल्या ग्रंथात हे वाक्य आहे, आणि 1736 मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने ते आपल्या पंचांगात घातल्यावर घरोघरी पोचलं. आपल्याकडे ‘प्रयत्नांती परमेश्वर’ आहेच. कष्टाला शास्त्राची ना नाही. जो काम करू इच्छित नाही त्याने खाऊ नये, असं पौलच सांगतो (2 थेस्सलनीका 3:10). पण सुवार्ता उलट्या टोकाने सुरू होते. आपण दुर्बळ होतो तेव्हाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला (रोम 5:6).

सकाळी उठवत नाही हे आळसाचं लक्षण मानू नका. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आणि वडिलांबरोबर बसून 1 राजे 19 वाचा. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला ‘प्रयत्न कर’ म्हणत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. आणि म्हणतो, खा, कारण वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. हे सातवं वचन वडिलांना वाचायला सांगा.