बेल्जियममधल्या जुन्या शहरांत मुख्यतः खाण्यासाठी फिरायचं असेल तर कुठे राहावं आणि काय खावं?

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरमध्ये आठवडाभर हाताशी आहे, जुनी शहरं बघायची आहेत पण खरा ओढा खाण्याकडे आहे. तुम्ही मासे-चिकन खाता, पत्नी शाकाहारी पण अंडं चालतं, आणि बीफ दोघांनाही नको. मी ल्यूव्हेनला शिकायला होते, पुढे नोकरीही तिथेच केली. त्या काळातले बरेचसे शनिवार-रविवार ट्रेन पकडून कुठेतरी खायला जाण्यातच गेले. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे ‘बेल्जियन जेवण’ या नावाखाली एकसारखं काही मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. तिथे पदार्थावर गावाचा हक्क असतो. वॅफल ब्रसेल्सचं वेगळं, लिएजचं वेगळं. वाटलेली मोहरी (मस्टर्ड) गेंटची, हाताच्या आकाराची बिस्किटं अँटवर्पची. ब्रसेल्सच्या मुख्य चौकाभोवती यातलं पुष्कळसं एकाच गल्लीत विकायला ठेवलेलं दिसेल, तिथे मोह आवरा. ज्या गावचं जे, ते त्याच गावात जाऊन खा. अंतरं इतकी कमी आहेत की हे सहज जमतं: ब्रसेल्सहून गेंट अर्ध्या तासावर, अँटवर्प पाऊण तासावर, ब्रुज आणि लिएज साधारण तासाभरावर.

माझा आग्रह असा की सुरुवातीचा मुक्काम गेंटला करा, ब्रुज आणि अँटवर्प तिथून करा, आणि शेवटचे दोन दिवस ब्रसेल्सला राहून लिएज गाठा. लिएजला जायचा दिवस रविवारच ठेवा, कारण पुढे सांगते.

आता बीफबद्दल, कारण हे तुम्हाला तिथे आपणहून कुणी सांगणार नाही. बेल्जियमचे फ्राईज पारंपरिक पद्धतीने गाईच्या चरबीत तळतात. पाटीवर तसं लिहिलेलं असेलच असं नाही, आणि त्यांच्या दृष्टीने ती उत्तम फ्राईजची खूण असते. ब्रसेल्समधल्या प्लास जुर्दांवरचं ‘मेझाँ आंत्वान’ १९४८पासून चालू आहे, नावाजलेलंही आहे, पण तिथे चरबीतच तळतात. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी आधी विचारा की तेल वनस्पतीचं आहे का. तसं तेल वापरणारी दुकानंही बरीच आहेत, विशेषतः गेंटमध्ये, आणि विचारलं म्हणून कुणाला राग येत नाही. तिथेच मिळणाऱ्या फ्रिकँडेल, बिटरबॉल वगैरेंच्या वाटेला जाऊ नका, त्यांत मिश्र मांस किंवा बीफ असतं. फ्राईजवर ओततात तो दाट तपकिरी रस्साही बीफचाच. चीजचे क्रोकेट, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेले रोल, शाकाहारी, पण ते कोणत्या तेलात तळलेत हा प्रश्न तिथेही विचारायचाच.

तेलाचं समाधान झालं की मात्र मनसोक्त खा. बटाटा बहुतेकदा बिंत्ये जातीचा, बोटाएवढा जाड कापलेला. आधी कमी आचेच्या तेलात तळून आतून शिजवतात, बाहेर काढून निवू देतात, आणि तुम्ही मागितलं की दुसऱ्यांदा कडक तेलात सोडतात. दुसऱ्या तळणीत आवाज बदलतो, जाळी वर येते, दोन-तीनदा जोरात उडवून तेल झाडलं जातं, मीठ पडतं आणि कागदाचा कोन हातात येतो. पहिला तुकडा बाहेरून कुरकुरीत आणि आतून अगदी मऊ लागतो. सोबत मेयोनीज घ्या, केचप नको. तिखट हवं असेल तर ‘सामुराई’ सॉस मागा.

गेंटमध्ये मुक्काम करा म्हटलं त्याचं एक कारण थेट तुमच्या पत्नीशी जोडलेलं आहे. २००९ साली या शहराने दर गुरुवारी मांस न खाण्याचा उपक्रम अधिकृतपणे उचलून धरला. त्या वेळी त्याची जगभर बातमी झाली होती, पण त्याचा खरा परिणाम रोजच्या जेवणात दिसतो. गेंटमधल्या साध्या कॅफेतही शाकाहारी माणसाला धड जेवण मिळतं. नुसती सॅलडची वाटी पुढे सरकवून बोळवण होत नाही.

दुसरं कारण म्हणजे ग्रूंटेनमार्क्ट, गेंटचा जुना भाजीबाजाराचा चौक. त्या एका चौकात उभं राहिलं की शहराचा खाण्याचा इतिहास चार पावलांत दिसतो. एका बाजूला १५व्या शतकातलं ग्रोट व्लेसहाउस, म्हणजे खाटकांची मोठी लाकडी छपराची इमारत. मांस घरी न विकता इथेच विकायचं, म्हणजे त्यावर नजर ठेवता येईल, असा शहराचा दंडक होता. भिंतीला चिकटून जी छोटी दुकानं आहेत तिथे आतडी-कोथळा असलं स्वस्तातलं गोरगरिबांना मिळायचं. तुम्हाला यातलं काही खायचं नसलं तरी इमारत नीट बघा. समोर टीरेंटाइनचं मोहरीचं दुकान आहे, १७९०पासूनचं. आत गेलात की डोळ्यांत पाणी येईल असा वास येतो. लाकडी पिंपातून मोहरी काढून तुमच्यासमोर बरणीत भरतात. त्यात टिकवण्यासाठी काही घातलेलं नसतं, म्हणून बरणी फ्रिजमध्ये ठेवावी लागते. चव अशी की पहिल्या क्षणी काहीच कळत नाही, मग नाकातून वर जाते आणि क्षणात ओसरते. पाव, जुनं चीज आणि ही मोहरी एवढ्यावर माझी कितीतरी दुपारची जेवणं झाली आहेत.

त्याच चौकात क्यूबरडॉनच्या हातगाड्या लागतात. जांभळ्या रंगाची, नाकासारखी टोकदार गोळी, वरून कडक आणि आत रासबेरीचा पातळ पाक. ताजीच खायची. दोन-तीन आठवड्यांत आतला पाक साखरेसारखा घट्ट होतो, म्हणूनच ती देशाबाहेर फारशी जात नाही. काही ठिकाणी जिलेटिन वापरतात, तेवढं विचारून घ्या.

तुम्ही स्वतः गेंटमध्ये वॉटरझोई खायलाच हवी. लीक (कांद्याच्या कुळातली भाजी), गाजर, सेलरी, बटाटा, सगळं हळुवार शिजवलेलं, आणि साय व अंड्याच्या बलकाने दाट केलेला पांढरट रस्सा. मूळ पदार्थ नदीतल्या माशांचा होता, पुढे चिकनचा जास्त रूढ झाला. मिळाली तर माशांचीच घ्या. मसाला जवळजवळ नसतो, आणि आपल्या जिभेला पहिले दोन घास सपक वाटतील. थांबा. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला लीकचा गोडवा आणि सायीचा स्निग्धपणा जाणवायला लागतो, शेवटी वाटी पावाने पुसून घ्यावीशी वाटते. ऑक्टोबरच्या ओल्या थंडीत तर याहून चांगलं काही नाही.

जेवण झाल्यावर ग्रासलाय घाटावर चालत जा. तिथे दगडी धान्याचं कोठार आहे. मध्ययुगात लाइ आणि स्केल्ड नद्यांवरून जाणाऱ्या धान्याच्या बोटींना गेंटला थांबून ठरावीक हिस्सा उतरवावाच लागे, तसा या शहराचा हक्क होता. आजूबाजूला पिकं बुडाली तरी गेंटच्या पोटाची सोय असे. शहराची श्रीमंती कापडाची, पण ती टिकली ती या धान्याच्या बळावर, असं मला ते कोठार पाहताना नेहमी वाटतं.

गेंटहून वेळ मिळाला तर अर्धा दिवस काढून हेरार्ड्सबर्गनला जा. तिथला माटेनटार्ट नावाचा छोटा गोल पाय युरोपीय संघाने भौगोलिक मानांकन दिलेला आहे. दूध फाडून काढलेला चोथा, अंडं, साखर, बदाम, आणि बाहेरून पापुद्र्यांचं आवरण. फार गोड नाही, आणि पत्नीला नक्की आवडेल.

ब्रुज सुंदर आहे, त्याबद्दल दुमत नाही. समुद्राकडे जाणारा मार्ग गाळाने भरला, व्यापार अँटवर्पकडे गेला आणि शहर जसंच्या तसं राहिलं. पण मुख्य चौकातली हॉटेलं महाग आणि जेवण बेताचं. चालत १८२१ सालच्या खांबांच्या मासळी बाजाराच्या बाजूला जा आणि करड्या कोळंबीचे क्रोकेट मागवा. उत्तर समुद्रातली ही कोळंबी नखाएवढी आणि गोडसर असते, बोटीवरच उकडतात. सोलणं इतकं किचकट की बराचसा माल त्यासाठी मोरोक्कोला जाऊन परत येतो. चांगल्या स्वयंपाकघरात टरफलं टाकत नाहीत, त्यांचा अर्क काढून क्रोकेटच्या आतल्या सॉसमध्ये घालतात, आणि खरी चव तिथून येते. ओस्टडाउनकर्क या किनाऱ्यावरच्या गावात आजही काही जण दांडग्या घोड्यांवर बसून उथळ पाण्यात हीच कोळंबी पकडतात. २०१३ साली युनेस्कोने या प्रथेची नोंद घेतली. बिअर घेत असाल तर ‘द हाल्वे मान’ ही बिअरची भट्टी बघा. गल्ल्यांतून टँकर नेणं नको म्हणून त्यांनी २०१६ साली शहराखालून तीन किलोमीटरहून लांब बिअरची पाइपलाइन टाकली. रात्री गेंटला परत या.

अँटवर्पला आपला एक धागा आहे. १५०१ साली पोर्तुगीजांची मिरी घेऊन आलेली पहिली जहाजं या बंदरात लागली आणि काही दशकं मलबारची मिरी उत्तर युरोपभर इथून जात होती. साखर शुद्ध करण्याचे कारखानेही इथेच उभे राहिले. बेल्जियमची दालचिनी घातलेली स्पेक्युलूस बिस्किटं खाताना हा व्यापार आठवावा. आजचा धागा स्टेशनाला लागूनच आहे: हिऱ्यांच्या बाजारात पालनपूरच्या जैन कुटुंबांचं मोठं स्थान आहे, आणि त्यामुळे त्या भागात शुद्ध शाकाहारी गुजराती जेवण मिळतं. चार-पाच दिवसांनी पत्नीला वरण-भाताची आठवण झाली, तर ती इथे भागेल. विल्राइक उपनगरातलं संगमरवरी जैन मंदिरही बघण्यासारखं आहे.

ब्रसेल्समध्ये चॉकलेट. गालेरी सँ-ह्यूबेर या १८४७ सालच्या छत असलेल्या बाजारात नॉइहाउसचं मूळ दुकान आहे. आजोबांचं औषधांचं दुकान होतं, नातवाने १९१२ साली चॉकलेटच्या कवचात सारण भरून प्रालीन बनवलं, आणि त्यांच्या पत्नीने ते चिरडू नये म्हणून खास खोका काढला, तोच आज सगळीकडे वापरतात. खोका तयार घेऊ नका. काचेमागून एकेक निवडून वजनावर घ्या, आणि काहींत मद्य असतं ते विचारा. सायीचं सारण असलेली दोन-चार दिवसांत संपवायची असतात. जवळच ‘डांदुआ’चं बिस्किटांचं दुकान आहे, १८२९पासूनची पेढी.

आंबट चवीची आवड असेल तर ब्रसेल्समधलीच कॅन्टियोंची बिअरची भट्टी चुकवू नका. तिथे विकतचं यीस्ट घालत नाहीत. उकळलेला धान्याचा रस थंडीच्या महिन्यांत छपराखालच्या उथळ तांब्याच्या हौदात रात्रभर उघडा ठेवतात, हवेतले जंतू त्यात उतरतात आणि तो लाकडी पिंपांत मुरतो. एक, दोन, तीन वर्षांच्या मिश्रणातून ‘गूझ’ ही आंबट बिअर बनते. बिअर न आवडणाऱ्या लोकांनाही मी ती आवडीने पिताना पाहिलंय.

आणि आता लिएज, माझं सगळ्यात लाडकं. पर्यटक इथे फारसे येत नाहीत, शहर जरा रांगडं आहे. रविवारी सकाळी म्यूज नदीकाठी ‘ला बात’ हा लांबच लांब बाजार भरतो आणि दुपारी उठतो, म्हणून रविवार. तिथलं एर्व्ह चीज घ्या. वास उग्र असतो, घाबरू नका. आणि त्यावर लिएजचं सिरप लावा: सफरचंद-नासपतीचा रस तासन्तास आटवून केलेलं, काळंभोर, चवीला थेट आपल्या काकवीच्या कुळातलं. पाव, चीज, सिरप, बस.

वॅफल इथेच खायचं. ब्रसेल्सचं वॅफल पातळ पिठाचं, हलकं, चौकोनी. लिएजचं मात्र लोण्या-अंड्याच्या घट्ट कणकेचं, त्यात मोत्यांएवढे साखरेचे खडे. गोळा तापल्या साच्यात दाबला की बाहेरचे खडे विरघळून करपट-गोड कवच होतं आणि आतले काही दाताखाली कुरकुरतात. वर काहीही घालू देऊ नका, कागदात घेऊन उभ्याउभ्या खा. ऑक्टोबरमध्ये तिथली मोठी जत्रा असते, तेव्हा लाकमाँ मिळतात: पातळ वॅफल मधून चिरून संत्र्याच्या फुलांच्या वासाचा गरम पाक भरलेलं. हात चिकट होतात, पण सोडू नका. तिथले प्रसिद्ध ‘बुले’ (खिम्याचे गोळे) मात्र मिश्र मांसाचे असतात, ते टाळा.

वेळापत्रकाकडे लक्ष द्या. बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं ते संध्याकाळी सहालाच उघडतं, आणि सोमवारी पुष्कळ दुकानं बंद असतात. हॉटेलात पाणीही विकत घ्यावं लागतं. घरी न्यायचं असेल तर सिरप आणि मोहरी चेक-इनच्या बॅगेत टाका, क्यूबरडॉन आल्या आल्या वाटून संपवा.