लिनक्सवर स्वे हा विंडो मॅनेजर आणि वेबार हे पॅनेल वापरतो. वेबारच्या ट्रेमध्ये (चालू ॲप्सच्या आयकॉनांच्या जागेत) ब्लूटूथचा आयकॉन दिसतो, नेटवर्कचा दिसत नाही. एनएम-ॲपलेट, म्हणजे नेटवर्कचा आयकॉन दाखवणारा प्रोग्राम, तर चालू आहे. तो पाच सेकंद उशिरा सुरू व्हावा म्हणून स्लीप ५ लावून पाहिलं, फरक नाही. पॅनेल बदलू का?

पॅनेल बदलू नका. आणि ती स्लीपची ओळ आधी काढून टाका. ट्रेचं काहीही बिघडलं की ‘स्लीप लावा’ हा सल्ला मिळतो आणि मला त्याचा मनापासून राग आहे, कारण तो खरं कारण झाकून ठेवतो.

ट्रेच्या पद्धती दोन आहेत. जुनी एक्सएम्बेड: ॲप स्वतःची छोटी विंडो पॅनेलच्या विंडोत बसवतं. ही एक्स११ या जुन्या डिस्प्ले यंत्रणेची युक्ती आहे, स्वे ज्यावर चालतो त्या नव्या वेलँडमध्ये तिला जागाच नाही. नवी स्टेटसनोटिफायरआयटम, म्हणजे एसएनआय: ॲप डी-बसवर, म्हणजे प्रोग्राम्सच्या आपसातल्या निरोपांच्या वाटेवर, आपलं नाव, आयकॉन आणि मेनू कळवतं, चित्र पॅनेल काढतं. वेबारला फक्त एसएनआय कळतं. एनएम-ॲपलेट मात्र नुसतं चालवलं तर जुनीच पद्धत धरतं. म्हणून प्रोसेस दिसते, आयकॉन नाही, आणि पाच सेकंद काय, पाच तास थांबलात तरी येणार नाही. स्वेच्या कॉन्फिगमध्ये एक्झेकच्या (प्रोग्राम सुरू करणाऱ्या) ओळीत एनएम-ॲपलेट या नावानंतर दोन डॅश देऊन ‘इंडिकेटर’ हा पर्याय जोडा. आधीची प्रोसेस मारून मगच नवी सुरू करा.

तरीही नाही आलं तर अंदाज बांधत बसू नका, बसवर बघा. बसवरची नावं दाखवणाऱ्या बससीटीएल या कमांडला ‘यूजर’ पर्याय देऊन यादी काढा आणि स्टेटसनोटिफायरवॉचर हे नाव शोधा. वॉचर म्हणजे आयकॉनांची नोंदवही. वेबार ती स्वतःच चालवतो, पण कॉन्फिगमध्ये ट्रे मॉड्यूल असेल तरच. वॉचर आहे, ॲपलेटही नोंदलेलं आहे, आणि जागा कोरी दिसते? मग आयकॉन थीममध्ये (आयकॉनांच्या चित्रसंचात) ते चित्र नाही. पूर्ण थीम टाका, उदाहरणार्थ पॅपिरस, आणि जीटीके ३ या खिडक्या-बटणं काढणाऱ्या लायब्ररीच्या सेटिंग्जमध्ये तिचं नाव द्या. आयकॉनची अवस्था ‘पॅसिव्ह’ (सध्या दाखवण्यासारखं काही नाही) असेल तर वेबार तो लपवतो. त्यासाठी ‘शो-पॅसिव्ह-आयटम्स’ ट्रू करा.

सगळ्यात छळणारा प्रकार दोन बसचा. सिस्टमडी (सर्व्हिसेस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) असलेल्या यंत्रणेवर स्वे डीबस-रन-सेशन या नवी बस उघडणाऱ्या कमांडमधून सुरू केला की सेशनची एक बस वेगळी आणि यूजर सर्व्हिसेसची वेगळी होते. वेबार एकीकडे, ॲपलेट दुसरीकडे. दोघंही धडधाकट, पण गाठ पडत नाही. तिथे डीबस-रन-सेशन काढणं हाच उपाय.

क्रमाचा प्रश्न खरोखर असतो, हे मान्य. काही ॲप्स वॉचरकडे एकदाच नोंद करतात. वॉचर नंतर उठला तर ती हुकतात. पण स्लीप तिथेही कामाची नाही: वेबार रीस्टार्ट केला की वॉचर जातो आणि तेच आयकॉन पुन्हा गायब होतात. ॲपलेटची सिस्टमडी यूजर युनिट (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी फाइल) करा, तिला वेबारच्या युनिटनंतर ‘आफ्टर’ने लावा आणि ‘पार्टऑफ’ने बांधा. वेबार युनिटमधून रीस्टार्ट झाला की ॲपलेटही होतं.

‘टर्मिनलमधून नेटवर्क जोडणारी एनएमसीएलआय कमांड आहे ना, ॲपलेट हवंच कशाला’ म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. एनएम-ॲपलेट पासवर्ड पुरवणारं एजंटही आहे. ते नसेल तर जतन न केलेला व्हीपीएनचा पासवर्ड विचारायला कुणी नसतं आणि जोडणी नुसती फसते. टर्मिनलमधून ‘आस्क’ पर्याय देऊन भागतं, पण तो दर वेळी आठवावा लागतो. सोबत पोलकिट एजंटही (परवानगीसाठी पासवर्ड विचारणारा प्रोग्राम) चालू ठेवा, नाहीतर सगळ्या यूजर्ससाठीची जोडणी बदलताना परवानगी नाकारली जाऊ शकते.

वाइनमधून, म्हणजे लिनक्सवर विंडोजची ॲप्स चालवणाऱ्या प्रोग्राममधून, चालणारी जुनी ॲप्स मात्र एक्सएम्बेडच वापरतात. त्यांच्यासाठी एक्सवेलँड (वेलँडवर एक्स११ची ॲप्स चालवणारा भाग) चालू ठेवून प्लाझ्मा डेस्कटॉपसोबत येणारा, जुने आयकॉन एसएनआयमध्ये आणणारा एक्सएम्बेड-एसएनआय-प्रॉक्सी लावा. आणि हे सगळं वेलँडसाठी आहे. ओपनबॉक्ससारख्या एक्स११च्या विंडो मॅनेजरवर उलट असतं: तिथे ट्रेची मालकी एका वेळी एकाच पॅनेलकडे असते, दुसरं पॅनेल रिकामं राहतं, आणि फक्त एसएनआय बोलणाऱ्या ॲपसाठी त्याचा आयकॉन जुन्या पद्धतीत आणणारं स्निक्सएम्बेड लागतं.