आईने फोन उचलला नाही तर

इंग्लंडमधल्या रेडिंगच्या ताई, तुमचं पत्र मिळालं. पुण्याला आईंना फोन लावला आणि त्यांनी उचलला नाही की तुमच्या पोटात गोळा येतो. मग दुसरा फोन, तिसरा, मग खालच्या मजल्यावरच्या काकूंना. काकू जिना चढून बघतात, तर आई फोन सायलेंटवर टाकून सीरियल बघतायत! आता जीपीने, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरने, सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत) सुचवलंय आणि तुम्हाला वाटतं, नुसत्या गप्पांनी काय होणार?

गप्पा कमी, गृहपाठ जास्त, असा हा प्रकार आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियात एरन बेक या मानसोपचारतज्ज्ञांच्या लक्षात आलं की प्रसंग आणि भावना यांच्या मधे एक विचार झर्रकन येऊन जातो, आणि तो खरा की खोटा हे आपण तपासतच नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, हे आपल्याला ठाऊक होतंच. बेकनी त्या मनाला पुरावा मागायला शिकवलं.

तर एक वही करा. परवाचाच प्रसंग घ्या: मंगळवार, दुपारी साडेतीन, म्हणजे पुण्यात रात्रीचे आठ. मनात आलं, ‘आई बाथरूममध्ये पडली.’ किती खरं वाटलं? शंभरात नव्वद. बाजूने पुरावा: तिचे गुडघे दुखतात. विरुद्ध पुरावा: आठ ही सीरियलची वेळ, आणि याआधी प्रत्येक वेळी ती ठीकच होती. आता नवं वाक्य लिहा, पण ‘सगळं छान होईल’ असलं काही नको, ते मनाला पटत नाही. ‘बहुतेक टीव्हीसमोर असेल, तासाभराने लावते’ एवढं पुरे. आणि हे मराठीतच लिहा. भीती मराठीत वाटते, इंग्रजीत लिहिलीत तर ती परक्या कुणाची वाटेल.

खरी कसोटी पुढे आहे. फोन उचलला नाही तर तासभर थांबायचं, काकूंना त्रास द्यायचा नाही. दर पंधरा मिनिटांनी भीतीला शंभरपैकी गुण द्या. आधी चढेल, मग बहुतेक वेळा आपोआप उतरेल. काकूंचा फोन त्या संध्याकाळपुरतं बरं वाटायला लावतो आणि भीतीला मात्र खतपाणी घालतो. (काकूंचेही गुडघे आहेत.)

आई खरंच पडू शकतात, हे मी नाकारत नाही. त्याची सोय करा: किल्ली काकूंकडे, बाथरूममध्ये धरायला दांडी, फोनची ठरलेली वेळ. सोय एकदाच करायची असते, तपासणीला मात्र अंत नसतो.

इंग्लंडमध्ये ‘एनएचएस टॉकिंग थेरपीज’ या सरकारी मानसोपचार सेवेकडे जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतःही नाव नोंदवता येतं. दुभाष्या हवा असेल तर आधीच सांगा. आणि थेरपिस्टला पहिल्याच भेटीत सांगून टाका की आईशी रोज बोलणं हा आजार नाही, तो ठेवायचाच आहे.

हा सगळा बेत आईंनाही रविवारीच कळवा. नाहीतर लेकीचा दुसरा फोन आला नाही म्हणून त्या काकूंना वर बोलावतील.