बॅज बदलला, गाडी तीच: ५५ हजार जास्त मोजावेत का?

प्रश्न: सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आम्ही राहतो. मारुती सुझुकीची बलेनो ऑन-रोड (कर, नोंदणी आणि विम्यासह) १० लाखांना आणि साधारण तशाच सोयींची टोयोटाची ग्लान्झा १० लाख ५५ हजारांना मिळते आहे. हाती ३ लाख आहेत, उरलेले ९ टक्क्यांनी सात वर्षांचे कर्ज. घरात दरमहा ८५ हजार येतात, गृहकर्जाचा हप्ता १८ हजार. मेहुणे म्हणतात, टोयोटाचे इंजिन आहे, डोळे झाकून घ्या. काय करावे?

उत्तर: आपल्या मेहुण्यांचा टोयोटावरील विश्वास अनाठायी नाही, परंतु ग्लान्झामध्ये टोयोटाचे इंजिन नाही. ११९७ सीसीचे चार सिलिंडरचे ते पेट्रोल इंजिन सुझुकीचे आहे, गिअरबॉक्स आणि सांगाडाही सुझुकीचाच आहे, रस्त्याचे धक्के शोषणारे पुढचे-मागचे सस्पेन्शनही दोन्ही गाड्यांत एकच आहे, आणि दोन्ही गाड्या गुजरातमधील सुझुकीच्या कारखान्यातून बाहेर पडतात. टोयोटाचे वेगळेपण दिसते ते जाळी, बंपर, चाके आणि आतील रंगसंगती यांत. (मारुतीच्या ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेल्या गाडीत, प्रकार नेमका उलटा आहे, तिथे मारुतीच्या बॅजखाली टोयोटाची यंत्रणा असते.) मात्र सांगाडा एक म्हणजे सगळेच एक, असे समजू नये. मारुतीची स्विफ्टही त्याच हार्टेक्ट नावाच्या सांगाड्यावर उभी आहे, पण २०२४ पासून तिला तीन सिलिंडरचे निराळे इंजिन आले आहे.

पूर्वी ग्लान्झाच्या बाजूने वॉरंटीचा मुद्दा भक्कम होता, कारण टोयोटा तीन वर्षे किंवा १ लाख किलोमीटरची हमी देत असे आणि मारुती दोन वर्षे किंवा ४० हजार किलोमीटरची. जुलै २०२४ मध्ये मारुतीनेही तीन वर्षे आणि १ लाख किलोमीटर केल्यापासून तो मुद्दा उरलेला नाही.

आता आकडे पाहू. जास्तीचे ५५ हजार आपण कर्जातूनच देणार, त्यामुळे सात वर्षांत त्यांचे सुमारे ७४ हजार होतात. दुसरीकडे, बलेनोसाठी ७ लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी घेतल्यास हप्ता ११,२६२ रुपये आणि व्याज सुमारे २ लाख ४६ हजार पडते. तेच पाच वर्षांत फेडल्यास हप्ता १४,५३१ रुपये होतो आणि व्याज १ लाख ७२ हजारांवर येते. म्हणजे मुदतीपायीही साधारण तेवढेच ७४ हजार जातात. आपण बॅजवर एवढा खल केलात, मुदतीविषयी मात्र एका शब्दानेही विचारले नाहीत, म्हणून हे मुद्दाम मांडतो. बलेनो आणि पाच वर्षे हा पर्याय निवडल्यास एकूण सुमारे १ लाख ४८ हजार रुपये वाचतात, आणि दोन्ही हप्ते मिळून आपल्या उत्पन्नाच्या ३८ टक्क्यांवर थांबतात, जे ओढून-ताणून नव्हे, पण जपून निभावता येण्याजोगे आहे.

त्यामुळे माझा कौल बलेनोला आहे. ग्लान्झाचा विक्रेता फरक दहा-पंधरा हजारांवर आणत असेल आणि टोयोटाचे सर्व्हिस सेंटर आपल्याला जवळ पडत असेल, तरच तिचा विचार करावा. दोन्हीकडून लेखी कोटेशन घ्यावे, त्यात विम्याची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) सारखीच धरली आहे ना हे तपासावे, आणि हाती असलेल्या ३ लाखांतच अडीअडचणीची शिल्लकही येत असेल, तर गाडीचे खालचे मॉडेल घ्यावे, पण सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला ठेवावी.