शिवणाचे प्रश्न: कटोरी उरते कुठे आणि का?

प्रश्न: बाजारातून 36 छातीचं कटोरी ब्लाऊजचं पेपर कटिंग आणलं. पाकिटात पाठ, बाजूचा भाग, कटोरी (छातीवरचा वाटीसारखा तुकडा), खालची पट्टी आणि बाही असे पाच कागद निघाले, सूचना एकही नाही. कटोरी बाजूच्या भागाला लावून पाहिली तर पाऊण इंच उरते. कागद चुकलाय का? आणि आधी काय जोडायचं?

उत्तर: कागद बहुधा बरोबर आहे. तुम्ही कापाच्या कडा मोजल्यात, जुळायला हवी ती शिलाईची रेघ. कटोरीची कड बाहेर फुगलेली असते, बाजूच्या भागाची आत वळलेली. पाव इंच आतून शिलाई घेतली की कटोरीची रेघ तिच्या कडेपेक्षा आखूड होते आणि बाजूच्या भागाची लांब. वळण पाव वर्तुळाएवढं असेल तर कडांमध्ये पाऊण इंचाचा फरक पडतोच. दोन्ही कागदांवर कडेपासून दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आत पेन्सिलीने रेघ ओढा. टेप कडेवर उभी धरून रेघेवरून फिरवा. आडवी टेप वळणावर नीट बसत नाही. रेघा जुळल्या, किंवा कटोरी सूतभर जास्त भरली, तर बिनधास्त कापा.

यातून आणखी एक गोष्ट कळते. कापाच्या कडाच तंतोतंत जुळल्या असत्या, तर आतल्या शिवणींची माया (शिलाईसाठी सोडलेलं जास्तीचं कापड) कागदात धरलेलीच नाही असं समजायचं आणि ती कापडावर वाढवायची. बगलेची माया पाठीवरून तपासा. 36 चा चौथा हिस्सा 9 इंच. घडीवर ठेवलेल्या पाठीची रुंदी बगलेखाली सव्वानऊ-साडेनऊ भरली तर माया नाही. साडेदहा ते अकरा भरली तर आहे. हे न बघता कापल्यामुळेच ब्लाऊज छातीत आवळतो. उसवून सैल करायला तिथे कापडच उरलेलं नसतं.

अस्तर कापण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. कटोरी उरेब (कापडाच्या धाग्यांना तिरकी) कापणार असाल तर तिचं अस्तरही उरेबच हवं. एक उभं, एक उरेब झालं तर धुतल्यावर कटोरीला सुरकुत्या पडतात. कापड सुलट बाजू आत ठेवून दुहेरी करा, म्हणजे उजवी-डावी जोडी आपोआप निघते. एकेरी कापडावर कागद न उलटता दोनदा कापला की दोन्ही कटोऱ्या एकाच बाजूच्या होतात, आणि 80 सेंटिमीटरच्या ब्लाऊजपीसमध्ये तिसरी निघत नाही.

आता जोडणी. आधी कटोरीचा टक (फुगीरपणासाठी शिवायची निमुळती चिमटी) शिवा. त्याचं टोक छातीच्या उंच बिंदूच्या अर्धा इंच अलीकडे थांबवा, बिंदूवर नेलंत तर तिथे टोचरी चुणी येते. मग बाजूच्या भागाच्या वळणाला अर्ध्या अर्ध्या इंचावर सूतभर खोल कट द्या. दोन्ही तुकड्यांचे मध्य जुळवा, मग टोकं, मग कच्चा टाका. मशीनवर कटोरी खाली, बाजूचा भाग वर: खालचे दाते जास्तीचं कापड ओढून घेतात. त्यानंतर खालची पट्टी, हुक आणि काजपट्टी, खांदे, गळा, बाही. बगलेची शिलाई शेवटी, बाहीच्या टोकापासून कमरेपर्यंत एका दमात.

बाहीवर पुढचं-मागचं लिहिलेलं नसतं. दुमडून पाहा, जी कड जास्त खोलगट ती पुढच्या मुंढ्याला (बाही जोडायच्या वळणाला). शिलाईच्या रेघेवर बाही मुंढ्यापेक्षा फार तर अर्धा इंच मोठी असावी, त्याहून जास्त असेल तर खांद्यावर चुण्या येणारच.

प्रश्न: बहिणीने परदेशातून बुर्डा हे शिवणाचं मासिक पाठवलं. त्यातल्या पॅटर्नच्या तक्त्यावर रेघांचं जाळं आहे आणि भाषा येत नाही. शिवता येईल का?

उत्तर: येईल. तक्ता कापू नका, ट्रेसिंग पेपर ठेवून आपल्या मापाची रेघ उतरवा. एका मापाची रेघ सगळीकडे एकाच तऱ्हेची असते, तुटक तर तुटक. तुकड्यांच्या कडांवर बारीक आकडे असतात. तोच आकडा त्याच आकड्याला जोडायचा, हीच खरी सूचना. तेही ट्रेस करा. या तक्त्यांत माया धरलेली नसते: शिवणींना दीड सेंटिमीटर वाढवा, खालच्या दुमडीला तीन-चार. अमेरिकी पाकिटबंद पॅटर्नमध्ये मात्र बहुतेक वेळा दीड सेंटिमीटर आधीच धरलेले असतात. तिथे पुन्हा वाढवलंत तर कपडा एक माप मोठा होतो.