'लाय-इन', 'स्लीप इन' आणि उशिरा झोपणे

ब्रिटिश मालिकांत वारंवार कानावर पडणारा 'लाय-इन' आणि अमेरिकन बोलण्यातला 'स्लीप इन' यांचा अर्थ एकच का, आणि त्यांतला 'इन' कुठून आला, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

सुट्टीच्या दिवशी नेहमीपेक्षा उशिरापर्यंत अंथरुणात राहणे, हा दोहोंचा समान अर्थ. मात्र 'लाय-इन'मध्ये झोप लागलेलीच असली पाहिजे असे नाही. जागे होऊन चहा घेत, वर्तमानपत्र चाळत लोळत पडणे हाही 'लाय-इन'च, आणि त्यात स्वखुशीने घेतलेली चैन गृहीत असते. 'स्लीप इन'मध्ये प्रत्यक्ष झोप अभिप्रेत असते. अमेरिकेत तीही सहसा ठरवून घेतलेली असते; परंतु स्कॉटलंडमधला सहकारी 'आय स्लेप्ट इन' म्हणत धावत कचेरीत आला, तर त्याला वेळेवर जाग आली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

येथील 'इन' हा 'स्टे इन'मधल्यासारखा, म्हणजे बाहेर न पडता आत राहण्याचा आहे. त्यामुळेच मालकाच्या घरी मुक्कामाला असलेल्या नोकरालाही 'स्लीप्स इन' म्हणतात. 'लाय इन'चा इतिहास मला अधिक वेधक वाटतो, कारण काही शतके या क्रियापदाचा ठळक अर्थ बाळंतपणासाठी खोलीत पडून राहणे असा होता. आपल्याकडे बाळंतीण बाजेवर असते, तशी इंग्लंडमधली सुस्थितीतली बाळंतीण साधारण महिनाभर 'लाइंग-इन'मध्ये असे. डब्लिनमध्ये बार्थोलोम्यू मॉस यांनी 1745 मध्ये काढलेले, आज रोटंडा या नावाने ओळखले जाणारे रुग्णालय मुळात 'लाइंग-इन हॉस्पिटल', म्हणजे आपल्या भाषेत सूतिकागृह होते. जुन्या कादंबरीत एखादी स्त्री 'लाइंग इन' असल्याचा उल्लेख आला, तर ती आळसाने लोळत आहे असे समजू नये.

1960 च्या दशकातल्या 'सिट-इन'च्या धर्तीवर रस्त्यात आडवे पडून केलेल्या निदर्शनांनाही 'लाय-इन' म्हटले गेले, पण तो प्रवाह वेगळा.

आपल्या लोकांची खरी गफलत होते ती 'स्लीप लेट'मध्ये. मराठीत 'झोपणे' या एकाच क्रियापदात अंथरुणाला पाठ टेकणेही येते आणि झोपेत असणेही येते, म्हणून 'काल उशिरा झोपलो' या अर्थी आपण सहज 'आय स्लेप्ट लेट' म्हणून जातो. भारतात ते समजतेही. लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या माणसाला मात्र त्यातून तुम्ही सकाळी उशिरा उठलात, असेच कळेल. रात्रीचे जागरण सांगायचे असेल तर तेथे 'आय वेंट टू बेड लेट' किंवा 'आय स्टेड अप लेट' म्हणावे, आणि ठरवलेल्या वेळी जागच आली नाही हे कबूल करायचे असेल तर 'ओव्हरस्लेप्ट' हे क्रियापद सर्वत्र निःसंदिग्ध आहे.