आधी गाडीतून उतर

ताई, माझं वय तेहेतीस. अकरावीत असताना 'ट्वायलाइट' या कादंबरीमालेने मला वेड लावलं होतं. फिजिक्सच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यातल्या व्हॅम्पायर नायकाचं, एडवर्डचं नाव लिहून ठेवलेलं असायचं. परवा माहेरी माळा आवरताना पहिला भाग सापडला, म्हणून परत वाचायला घेतला आणि हसावं की रडावं कळेना. १९०१ साली जन्मलेला हा माणूस शाळेत जाऊन सतरा वर्षांच्या मुलीच्या प्रेमात पडतो, रात्री खिडकीतून तिच्या खोलीत शिरतो आणि ती झोपलेली असताना बघत बसतो! यासाठी मी जीव टाकत होते? ती जादू आता कणभरही जाणवत नाही. ऑफिसहून आल्यावर खाली पार्किंगमध्ये गाडीतच अर्धा तास वाचते, म्हणजे डोकं शांत असतं, तरी नाही. (परवा तर वॉचमनने काच वाजवून विचारलं, मॅडम, बरं वाटत नाहीये का?) घरी कसलाच त्रास नाही. नवरा समजूतदार आहे, उशीर झाला तरी कधी विचारत नाही, त्याला वाटतं हिंजवडीचं ट्रॅफिक. सासूबाई, मुलगा, सगळं छान. मग मीच कोरडी झाले का? की पुस्तकच भिकार होतं?
— टीम एडवर्ड, निवृत्त

एडवर्डचा निकाल आधी लावून टाकू. तो वागतो ते वाईटच. तिसऱ्या भागात तर त्या मुलीने, बेलाने, तिच्या मित्राकडे, जेकबकडे जाऊ नये म्हणून तिच्या ट्रकच्या इंजिनातला एक भागच काढून ठेवतो. तुला ते आता खटकतं, म्हणजे तुझं डोकं जागेवर आहे. अकरावीत खटकलं नाही, कारण तू अकरावीत होतीस. झालं. यावर आणखी शाई घालवायची माझी तयारी नाही.

मला तुझ्या कंसाबद्दल बोलायचंय. वॉचमनबद्दलचं ते एक वाक्य तू गंमत म्हणून लिहिलंस आणि पुढे निघून गेलीस. अगं, तीन माणसांच्या घरात तू रोज अर्धा तास उशिरा पोचतेस आणि काच वाजवून विचारायला येतो तो कोण, तर वॉचमन! वर त्या घराला तू 'सगळं छान' असं प्रशस्तिपत्र देतेस. कधीच काही विचारत नाही तो समजूतदार, हा हिशेब मला आजवर जमलेला नाही. रोजच्या रोज अर्ध्या तासाचं ट्रॅफिक खपवून घेणाऱ्या माणसाला एकच गोष्ट महत्त्वाची असते: तू वर आलीस की कुकर लागेल.

तू म्हणशील, पोळ्यांना बाई आहे. असेल. मग वर का जात नाहीस?

पुस्तक हाताशी आहे ना? त्यात एक पान शोध. पहिलाच भाग, मध्याच्या बरंच अलीकडे. फोर्क्सला, म्हणजे बेलाच्या त्या पावसाळी गावात, कधी नव्हे ते ऊन पडलेलं असतं. बेला घरामागच्या अंगणात गोधडी अंथरते, पालथी पडून जेन ऑस्टिनचा जाडजूड संग्रह उघडते. एका कथेतल्या नायकाचं नाव एडवर्ड निघतं म्हणून चिडून दुसरी कथा काढते, तिथे एडमंड! पुस्तक मिटते आणि उन्हात तिचा डोळा लागतो. जाग येते ती चार्लीच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, गाडीच्या आवाजाने. धडपडत उठते, आत जाते आणि बापाला पहिलं काय सांगते? स्वयंपाक अजून झालेला नाही, बाहेर झोप लागली, सॉरी. तो म्हणतो, राहू दे, मला मॅचचा स्कोअर बघायचाच होता.

फोर्क्सचा पोलीसप्रमुख आहे तो. आवाज चढवणारा नाही, मुलीच्या सतत मागे मागे करणारा नाही, अगदी सालस. फक्त अंडी आणि बेकन तळण्यापलीकडे त्याला फारसं काही येत नाही, म्हणून घरी राहायला आलेली सतरा वर्षांची पोरगी आपणहून स्वयंपाकघर अंगावर घेते आणि तो घेऊ देतो. एडवर्डवर तू चिडलीस. या चार्लीवर चिडलीस का? पत्रात त्याचं नावही नाही. ते पान तू पार्किंगमध्ये, गाडीच्या आतल्या दिव्याखाली वाचलंस आणि पुढे उलटलंस.

आता जादूचं. एडवर्ड जेवत नाही, हे लक्षात आहे ना? त्याला डबा नको, चहा नको, भाजी कालचीच का हा प्रश्न नाही. पोर्ट अँजेलिसच्या त्या हॉटेलात बेलापुढे रॅव्हिओली येते, आणि तो समोर बसून ती खातेय की नाही एवढंच बघतो. अकरावीत आपण त्याच्या डोळ्यांचा रंग बघतो. पण तेहेतिसाव्या वर्षी, दिवसभर ऑफिस करून आलेल्या बाईला त्या प्रसंगाने भडभडून यायला हवं होतं! तुला नाही आलं, कारण तुझा एक कान लिफ्टकडे होता आणि एक डोळा घड्याळावर. चोरून, मोजून वाचलेल्या पुस्तकातून कुणाला काय मिळणार? कोरडी-बिरडी काही झालेली नाहीस तू. पुरेशी वाचतच नाहीयेस.

अकरावीत गाडी नव्हती, तेव्हा घरातच वाचायचीस ना? आईने ताट वाढलंय म्हणून तीनदा हाक मारली तरी 'आले, आले' म्हणत जागची हलत नसशील. तो निगरगट्टपणा अंगात होता तुझ्या. लग्नानंतर कुठे ठेवलास?

तर उद्या गाडी लावायची, पुस्तक पर्समध्ये न घालता हातात धरायचं आणि सरळ वर जायचं. चपला काढून हॉलमधल्या सोफ्यावर, टीव्हीच्या समोरच, पाय वर घेऊन वाचत बसायचं. बेडरूमचं दार लावून नाही. कुणी विचारलं, आज जेवायला काय, तर म्हणायचं, 'काय करताय?' आणि पान उलटायचं. खुलासा द्यायचा नाही, हसून गोड करायचं नाही, ट्रॅफिकचं नावही काढायचं नाही. पहिल्या दिवशी घरात जरा धुसफूस होईल. सासूबाई भांडी जरा जास्त वाजवतील. वाजवू देत.

पुस्तक भिकार आहे की नाही ते शेवटचं पान वाचून झाल्यावर ठरव. ठरलंच तर खुशाल रद्दीत दे, पण संपव सोफ्यावर.